दुखेल तिथं थांबा

लोणावळा,
४ जुलै २०२५

तीर्थरूप आत्यास,
प्रतीक्षाचा सप्रेम जयभीम.

सोमवारी तू दवाखान्यात आलीस आणि मी तुझ्याशी धड दोन शब्द बोलले नाही, ते मनाला लागून राहिलंय. आदल्या दिवशी रविवार होता. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर घसरलेले चौघे पाहुणे सुजलेले घोटे घेऊन बाकावर बसले होते. तुझी पाळी आली तोवर तुझी एसटी सुटायची वेळ झाली होती. म्हणून आता सावकाश लिहिते. फोन केला असता, पण तुमच्याकडे रेंज मिळायला टेपाड चढावं लागतं आणि या पावसात तू टेपाड चढू नकोस. शिवाय फोनवर तू "बरं आहे गं" याच्यापुढे जात नाहीस. कागदावर तरी चार ओळी लिहिशील.

तुझ्या मनगटाचं हाड छान सांधलंय, त्याची काळजी सोड. अडचण खांद्याची आहे. मे महिन्यात तू ओढ्याच्या वाटेवर पडलीस, प्लॅस्टर फक्त मनगटाला होतं, पण तू सहा आठवडे सगळा हात गळ्यात बांधून ठेवलास आणि भीतीपोटी खांदा जरासुद्धा हलवला नाहीस. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. सांधा हलला नाही की ती आक्रसते आणि मग हात वर जाऊ देत नाही. गोळीने दुखणं कमी होईल, पिशवी सैल होणार नाही. ती रोज थोडी थोडी ताणूनच सैल करायची. तुझा हात आता जेमतेम खांद्याच्या रेषेपर्यंत येतो. तो कानाला टेकेल इतका वर जायला हवा, आणि नेमाने केलंस तर जाईल. हे मी भाची म्हणून नाही, माझ्या कामातलं म्हणून सांगते.

सोबत वेगळा कागद जोडलाय. सगळ्या पेशंटांना देते तोच आहे, म्हणून त्यात तुला अहोजाहो आलंय, हसू नकोस. भिंतीला चिकटव. त्यात लिहिलंय ते असं:

"आधी दहा मिनिटे शेका. मग टेबलावर चांगला हात टेकून वाका, दुखरा हात सैल सोडून झोक्यासारखा हलवा. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहा, बोटांनी भिंतीवर चालत हात वर न्या. शेवटी काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्या. दिवसातून तीन वेळा. दुखेल तिथं थांबा."

एवढंच. ऑगस्टच्या एक तारखेला दाखवायला ये.

तुझी
प्रतीक्षा


आंदर मावळ,
१३ जुलै २०२५

चि. प्रतीक्षास आक्काबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा शेजारची चिमाबाई माझ्या केसाला तेल लावत होती. तिला वाटलं जमिनीची नोटीस आली. "काय लिव्हलंय गं आक्का? कुनाचं हाय?" मी म्हणाले, भाचीचं आहे, लोणावळ्यात दवाखाना चालवते. तर म्हणते, "मंग तिनं सुई का न्हाई मारली?" सुई न मारणारीसुद्धा डॉक्टरीण असते हे तिला पटवता पटवता माझी वेणी वाकडी झाली.

अक्षर वाकडं आलं तर मनगटाला बोल लाव. शाळेत माझं अक्षर तुझ्या बापापेक्षा चांगलं होतं, रतनला विचार, तो कबूल करणार नाही.

व्यायाम चालू केलाय. टेबल आपल्याकडे कुठलं, म्हणून गोठ्यात गव्हाणीवर डावा हात टेकून वाकते आणि उजवा सोडून हलवते. परवा झुंबरबाई दारावरून चालली होती. तिने आत डोकावून विचारलं, "आक्का, काय हारपलं गं?" मी म्हणाले, हात हारपलाय, शोधते. ती बिचारी हसली नाही. भिंतीचं काम मागच्या खोलीत करते. तिथं गिलावा नाही, विटा उघड्या आहेत, मोजायला बऱ्या. खिडकीच्या कडेपासून चौथ्या विटेपर्यंत बोटं जातात.

आता मनातलं लिहिते. पौर्णिमेला वर्षावासाचे तीन महिने सुरू झाले, त्या दिवशी सुरज आला होता. म्हणाला, "आई, हात असा असताना तू एकटीनं राहायचं नाही. वैरण डोक्यावर घेता येत नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. वर्षावास संपेपर्यंत हात डोक्याच्या वर गेला तर राहा इथं. नाही गेला तर मी न्यायला येणार, म्हैस विकून टाकू." त्याने तारीखसुद्धा काढून दाखवली, सात ऑक्टोबर. कंपनीत काम करून त्याला सगळ्याची तारीख ठरवायची सवय लागलीय.

रेणुका सून म्हणून चांगली आहे, माझं तिच्याशी वाकडं नाही. पण तळेगावला चौथ्या मजल्यावर मी दिवसभर करू काय? इथं माझं दार आहे, म्हैस आहे, संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायला मी लागते, बाकीच्या बाया ऐकायला येतात. तिथं मला कोण विचारणार? मला इथंच राहायचंय गं. तेवढा हात माझा वर करून दे.

हे पत्र दुधाच्या गाडीवाल्या गोरखकडे देते, तो टाकव्याच्या पेटीत टाकेल.

तुझी
आत्या


लोणावळा,
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आत्यास सप्रेम जयभीम.

परवा तू आलीस, मी मोजलं आणि तुला नीट काही सांगितलं नाही, कारण मलाच नीट समजलं नाही. महिन्यात तुझा हात पाच अंश वर सरकलाय. पाच अंश म्हणजे काहीच नाही, आत्या. मोजताना माझा हात इकडेतिकडे झाला तरी तेवढा फरक पडतो.

माझ्याकडे चिक्कीच्या दुकानातला एक कारागीर येतो. दिवसभर पाटावर चिक्की कापून त्याचं कोपर इतकं दुखायचं, की चहाचा कप उचलवत नव्हता. पाच आठवड्यांत त्याचं बरंच उतरलं. एका शाळेतल्या बाई मान धरली म्हणून यायच्या, वह्या तपासताना बसायची पद्धत बदलली, थोडे व्यायाम केले, आता महिन्यातून एकदा येतात. तुझं दुखणं या दोघांपेक्षा अवघड नाही. म्हणून विचारते, रागावू नकोस. तिन्ही वेळा होतं का? की विहार, म्हैस, पाऊस यात एखादी वेळ राहून जाते? राहून जात असेल तर तसं लिही, आपण वेळा बदलू.

बाबांची कंबर पुन्हा धरलीय. मी सांगितलेलं करत नाहीत आणि दुखतं म्हणून माझ्याकडेच बघतात. आख्ख्या घरात मला कुणी पेशंट म्हणून चांगलं मिळालेलं नाही.

तुझी
प्रतीक्षा


आंदर मावळ,
१० ऑगस्ट २०२५

चि. प्रतीक्षास आशीर्वाद.

तिन्ही वेळा होतं. सकाळी धार काढून झाली की, दुपारी जेवणाआधी आणि विहारातून आल्यावर. तुझ्या कागदात आहे तसंच करते. त्यात उणं नाही, अधिक नाही.

झुंबरबाईने हौशीरामला घरी आणला होता. तो मोडलेली हाडं बसवतो ना, तो. म्हणाला, "मावशी, एका हिसक्यात मोकळा करतो बगा." मी म्हणाले, बाबा, हिसका द्यायचा तर तुझ्या म्हशीला दे, माझा हात माझ्या भाचीकडे आहे. तो रागावून गेला. चहाही घेतला नाही.

रतनला सांग, बहीण तीन वेळा करते, त्याने एकदा तरी करावं.

आत्या


लोणावळा,
१८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आत्यास जयभीम.

काल रविवारी बाबांबरोबर मी तुझ्याकडे येऊन गेले. जेवायच्या आधी तुझा हात पुन्हा मोजला, तो आहे तिथंच आहे. सात आठवडे झाले. दिवसातून तीन वेळा खरंच झालं असतं तर हात इतका अडून बसला नसता. तू मला बरं वाटावं म्हणून लिहितेस, हे मला कळतं. सगळेच पेशंट तसं करतात. पण तुझ्याकडून मला ते अपेक्षित नव्हतं.

तुला इथं राहायचंय, तूच लिहिलंस. मग हात तुझा आहे, तो दुसरं कुणी वर करणार नाही.

सुरजदादाचा फोन आला होता. त्याने विचारलं, मी खरं ते सांगितलं, की आत्या व्यायाम मनावर घेत नाही असं दिसतं. तुला आवडणार नाही, पण मी त्याच्याशी खोटं बोलू शकत नव्हते.

प्रतीक्षा


आंदर मावळ,
५ सप्टेंबर २०२५

चि. प्रतीक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी कागद हातात घेतला नाही. रागाने घेतला नाही, खरं तेच लिहिते. तू मला खोटी ठरवलीस. तसा शब्द घातला नाहीस, पण घातल्यासारखंच झालं. तुझ्या बापाला मी अंगाखांद्यावर वाढवला, त्याच्या पोरीने मला असं लिहावं याचं वाईट वाटलं. दोन दिवस विहारात वाचायला गेले नाही. पुढ्यात ग्रंथ घेऊन बसायचं आणि मनात तुझ्यावर चिडायचं, ते बरं दिसेना.

सुरज येऊन गेला. "प्रतीक्षाच म्हणाली, तू काही करत नाहीस." त्याने इंदुरीच्या सीतारामशी म्हशीचं बोलून ठेवलंय. सीताराम रविवारी येऊन गेला, म्हशीचे दात बघितले, पाठ थोपटली, मला म्हणाला, "मावशी, काळजी करू नका, लेकरावानी संबाळीन." मी आत जाऊन बसले. म्हैस त्याच्याकडे बघून हंबरलीसुद्धा नाही, तिला काय कळतंय.

आता मी काय करते ते सगळं लिहिते, मग मी खोटी की खरी ते तूच ठरव.

पाणी तापवून फडक्याने दहा मिनिटं शेकते. चिमाबाईच्या घरच्या घड्याळात बघून दहा. मग गव्हाणीपाशी वाकून हात हलवते, वीस वेळा. मग भिंतीपाशी उभी राहते. बोटं पहिल्या विटेवर ठेवते, दुसरी, तिसरी, चौथी. चौथ्या विटेला खांद्यात ओढ बसते, दुखायला लागतं. तिथं थांबते. हात खाली घेते. पुन्हा पहिल्यापासून. असं दहा वेळा. काठीचंही तसंच. डाव्या हाताने उजव्याला वर नेते, दुखलं की थांबते, खाली. तू लिहिलंयस ना, दुखेल तिथं थांबा. एकदाही त्या विटेच्या पुढे मी हात नेला नाही. मनात आलं होतं नेऊन बघावं, पण म्हटलं, पोरगी शिकलीय, तिने थांबा म्हटलंय तर थांबायचं.

एक दिवस चुकवलेला नाही. सीताराम म्हैस बघून गेला त्या दिवशीसुद्धा केलंय.

आत्या


लोणावळा,
९ सप्टेंबर २०२५

माझ्या आत्यास,

तुझं पत्र मी दवाखान्यात उभ्यानेच वाचायला घेतलं आणि मध्येच खुर्ची ओढून बसले. बाहेर तीन पेशंट होते, त्यांना दहा मिनिटं बसवून ठेवलं.

चूक माझी आहे. सगळी माझी. तू एक दिवस चुकवला नाहीस, माझ्या कागदाने तुला चुकवलं.

थांबा म्हणजे सोडून दे, असं मला म्हणायचं नव्हतं. थांबा म्हणजे तिथंच राहा. पाहुणा उठला की आपण म्हणतो, "थांबा की जरा." तेव्हा आपल्याला तो जायला नको असतो. तसं. चौथ्या विटेला ओढ बसली की हात तिथंच ठेवायचा, दहा मोजायचे. मोजता मोजता ओढ थोडी सैल पडते. पडली की बोटं अजून अर्धी वीट वर. पुन्हा दहा. मग खाली. आक्रसलेली पिशवी त्या दहा आकड्यांतच सैल होते. तू आठ आठवडे रोज तीस वेळा तिच्या दाराशी जाऊन परत आलीस.

बाकीच्या पेशंटांना मी कागद देते आणि त्यांचा हात धरून करूनही दाखवते. म्हणून आजवर कुणाचं चुकलं नाही. तू घरची, तुला कागद पाठवला की झालं, असं मी धरून चालले. वर तुझ्यावर अविश्वास दाखवला, आणि दादाला जाऊन सांगितलं. मला फार लाज वाटते आत्या. कागद फाडून टाक. नवा पाठवतेय.

दुखण्यादुखण्यातला फरक ओळखायला शीक, नाही तर आता उलटं होऊन तू दात खाऊन हात ओढशील. ओढ बसली, ताण आला, रग लागली, खांदा भरून आला, हे चालतं, तिथं राहायचं. चमक निघाली, डोळ्यात पाणी आणणारी कळ आली, हाताला मुंग्या आल्या, तर एक वीट खाली यायचं. व्यायामानंतर दुखणं तासाभरात ओसरलं पाहिजे. दुसऱ्या सकाळपर्यंत ठणकत राहिलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समज.

मी दर रविवारी येते आहे. स्वतः हात धरून करून घेईन. दादाला आजच फोन करून माझी चूक सांगते.

चार आठवडे आहेत. पूर्ण वर जाईल असं वचन देत नाही. पण जाईल तितका मी नेईन.

तुझी
प्रतीक्षा


आंदर मावळ,
२३ सप्टेंबर २०२५

चि. प्रतीक्षास अनेक अनेक आशीर्वाद.

सातवी वीट! परवा तू गेल्यावर संध्याकाळी सहावीवर होते, आज सकाळी सातवी. कोळशाने खूण केलीय. चिमाबाईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, "आगं बया, आता छपराला हात लावशील." तिला वाटतं मी भिंत चढायला शिकतेय.

तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर तोंडी दिलं, पण लिहून द्यायचं राहिलं. ते पत्र वाचून आधी मी खूप हसले. मग रडले. दोन्ही झाल्यावर राग कुठं गेला कळलं नाही. चूक तुझी एकटीची नाही. मी पण विचारायला हवं होतं, की पोरी, रोज चौथ्या विटेलाच का? पण मी मनात म्हणत होते, आपण जास्त शहाणपणा केला आणि बिघडलं तर सुरजला निमित्त मिळेल.

दहा मोजताना माझं लक्ष आकड्यांवर राहीना, घाईने मोजून होत होते. आता त्रिशरण म्हणते. बुद्धं सरणं, धम्मं सरणं, संघं सरणं, सावकाश म्हटलं की तुझे दहा होतात. झुंबरबाई म्हणते, आक्का आता भिंतीला वंदना करते. म्हणू दे.

परवा रात्री खांद्यात चमक निघाली होती. तुझं ऐकून काल एक वीट खालीच राहिले, आज पुन्हा वर गेले. शहाणी झालेय ना?

तू आणि सुरज फोनवर काय बोललात ते मला सांगितलं नाहीस. तोंडावरून कळलं, काही बरं नाही बोलला. काय ते लिही.

तुझी
आत्या


लोणावळा,
३० सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आत्यास जयभीम.

लपवून उपयोग नाही, तू ओळखलंसच. दादाला मी माझी चूक सांगितली. त्याने ऐकून घेतलं, मला रागे भरला नाही. पण म्हणाला, "सात तारखेला मी येणार म्हणजे येणार." मग म्हणाला, "प्रतीक्षा, तू आईला सांगू शकत नाहीस का, की आता हात एवढाच राहणार? तू सांगितलंस तर ती ऐकेल."

मी नाही म्हणाले. जे खरं नाही ते मी सांगणार नाही, एकदा चुकून सांगितलं तेवढं पुरे. त्याने फोन ठेवला. आत्या, दादा वाईट नाही. त्याच्या पोटात काहीतरी आहे आणि ते तो मला सांगत नाही.

रविवारी मोजलं तेव्हा तुझा हात एकशे चाळीस अंशांच्या आसपास होता, कानाला टेकला की एकशे ऐंशी. तीन आठवड्यांत इतकं कमी जणांचं होतं. पाठीमागे हात अजून कमरेपर्यंतच जातो, त्याला वेळ लागेल, हिवाळा उजाडेल. दादाला हे असंच सांग, वाढवूनही नको, कमी करूनही नको. पाच तारखेला मी येणार होते, पण दसऱ्याच्या सुट्टीमुळे भुशीला गर्दी आहे आणि माझ्या बाकावर घोटे. येता आलं नाही तर करत राहा.

काळजी वाटतेय.

तुझी
प्रतीक्षा


आंदर मावळ,
९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतीक्षास आक्काबाईचे अनेक आशीर्वाद.

तू वाट बघत असशील म्हणून आज सकाळीच लिहायला बसलेय. गोरखला सांगितलंय, दूध घातलं तरी पत्र घेतल्याशिवाय जाऊ नको.

मंगळवारी सुरज आला, रजा काढून. बरोबर टेम्पोवाला आणला होता, तो बाहेर बसून राहिला. मी चहा केला. सुरज उभाच होता, घरभर नजर फिरवत होता, काय न्यायचं, काय ठेवायचं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, एकशे चाळीस, पाठीमागे कमरेपर्यंत, सगळं. तो म्हणाला, "आई, आकडे मला नको सांगूस. एवढं बरं झालंय ते चांगलंच आहे. तिकडे राहूनही बरं होईल."

मला इतका राग आला प्रतीक्षा. मी उठले आणि जाऊन त्याचा कान धरला. उजव्या हाताने. तो केवढा उंच झालाय तुला माहीत आहे, दारातून येताना वाकून येतो. मी त्याला वाक म्हटलं नाही. सरळ उभ्या माणसाचा कान धरला आणि म्हणाले, "आता बोल, कुणाला न्यायचंय?"

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि तो कानावरून काढू दिला नाही. तसाच उभा राहिला. माझा हात वर धरून धरून खांदा भरून आला, तरी मी काढला नाही. मग तो म्हणाला, "आई, मे महिन्यात तू ओढ्याकाठी चार तास पडून होतीस. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्या दिवशी सेकंड शिफ्टला होतो, डबा खाल्ला, मित्रांबरोबर हसलो, आणि तू तिथं पडली होतीस." आणि रडला, लहान असताना रडायचा तसा.

हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना अर्धा तास सांगितलं होतं. चार तास हे चिमाबाईला माहीत होतं, तिला मी शपथ घातली होती, पण तिच्या पोटात कधी काही राहिलंय? त्याला ते पहिल्यापासून माहीत होतं. मला वाटत होतं त्याला माझा हात दिसतोय. त्याला तो ओढा दिसत होता. आणि मी त्याच्याशी हाताचंच भांडत बसले.

मग आम्ही दोघं बसलो आणि पहिल्यांदा नीट बोललो. मी म्हणाले, माझीही चूक आहे, मी लपवायला नको होतं. पडून असताना मला काय वाटलं तेही सांगितलं, तुला पुढे कधीतरी सांगेन. आता असं ठरलंय. गोरख रोज सकाळी साडेसहाला माझ्या दारात दूध घ्यायला येतो. मला डोळ्यांनी बघायचं आणि टाकव्याला रेंजमध्ये गेल्यावर सुरजला फोन लावायचा. मी दिसले नाही तर चिमाबाईला उठवायचं. ओढ्यावर एकटीने जायचं नाही, हे मी कबूल केलं. सीतारामला सुरजनेच निरोप धाडला की म्हैस विकायची नाही.

टेम्पोवाल्याला जेवायला घातलं आणि रिकामा परत पाठवला. सुरज रात्री राहिला. सकाळी निघताना चपला घालून दारात उभा राहिला आणि मला विचारलं, "आई, तू कधी येशील?"

येशील म्हणाला गं. नेतो म्हणाला नाही. मी म्हणाले, भात कापून झालं की आठ दिवस येते, माझी मी एसटीने येईन. तो बरं म्हणाला आणि गेला.

तुझी
आत्या